जरीचा फेटा आणि धुलाई मशीन

दसऱ्याला सांगलीतले धनपाल चौगुले आपल्या आजोबांचा जरीचा फेटा बांधून दुकानात उभे होते. नव्या धुलाई मशीनवर थाप मारून ते गरजले, "धुणार, वाळवणार, पण रेशमाचा धागासुद्धा ओढला जाणार नाही! आमच्या शब्दावर शंका? बायकांना यंत्रातलं काय कळतं?"

गर्दी हसली. शशिकला मगदूम हसल्या नाहीत. असल्याच शब्दावर घेतलेल्या मशीनने त्यांच्या लग्नातला शालू फाडला होता.

"घेते की," त्या म्हणाल्या. "आधी तुमचा फेटा यात धुऊन, वाळवून दाखवा."

चौगुल्यांचा हात फेट्याकडे गेला, पण तो सोडायला नव्हे, घट्ट धरायला.

"वहिनी," ते हळूच म्हणाले, "ते कोपऱ्यातलं घ्या. आमच्या घरी तेच आहे."