जाळीवरचं झेंडूचं फूल

फार जुनी नाही, गेल्या दसऱ्याची गोष्ट. मालिनीबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, हवेच्या जाळीवर झेंडूचं टपोरं फूल ठेवलं आणि ऑनलाइन शिकवणी सुरू केली.

थोड्या वेळाने आतला पंखा धापा टाकत म्हणाला, "फुला, जरा सरक ना. माझा जीव गुदमरतोय. लॅपटॉप तापून बंद पडेल."

"मला इथे मानाने ठेवलंय," फूल म्हणालं. "खाली पडलेलं फूल पुन्हा पूजेला घेत नाहीत रे!"

तेवढ्यात पडद्यावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज तुटतोय."

फुलाने डोळे मिटले आणि स्वतःला अलगद खाली सोडलं. पंख्याने मोठा श्वास घेतला.

शिकवणी संपल्यावर बाईंनी फूल उचललं. पूजेला ते चालणार नव्हतं. त्यांनी ते अंबाड्यात खोवलं.