चाळिसावी पाहुणी

एक वृद्ध धर्मशिक्षक होते, नदीकाठच्या लहानशा ख्रिस्ती वस्तीत. त्यांच्याजवळ एकदा एक तरुण विधवा अध्ययनासाठी येऊन राहिली. गावोगाव जाऊन अनोळखी बायाबापड्यांना प्रभूची सुवार्ता सांगावी, ही तिची मनीषा. "ईस्टरपर्यंत थांब," गुरुजी म्हणाले होते. "तू जाण्याजोगी झालीस की नाही, ते तेव्हा सांगेन."

ईस्टरआधीचे चाळीस दिवस उपवासाचे. शिष्येने त्यात आपला आणखी एक नेम जोडला. रोज एका परक्या वाटसरूला जेवू घातल्यावाचून स्वतः अन्नाला शिवायचं नाही. हा नेम तडीस गेला तरच आपण सेवेला पात्र, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. एकोणचाळीस दिवस निर्विघ्न गेले. वाटसरू येई, ती पान वाढी, तो जेवून उठे आणि ती हात जोडून प्रभूचे आभार मानी.

चाळिसाव्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी रस्त्यावर कोणी दिसेना. नेम मोडण्याची धास्ती काय असते, हे नेमधर्म पाळणाऱ्या घरच्या बायकांना वेगळं सांगायला नको. शिष्येचा जीव थाऱ्यावर राहिला नाही.

अखेर एक प्रौढ बाई आली. झिजून गुळगुळीत झालेल्या जात्यांना नि पाट्यांना टाकी लावणारी. खांद्यावरच्या झोळीत छिन्नी-हातोडा. समोरच्या चिंचेखाली बसून तिने आपलं भाकरीचं फडकं सोडलं. शिष्या धावतच गेली.

"मावशी, घरात चला. पान वाढलंय."

"वाढलंय तर तू जेव. माझी भाकर आहे माझ्यापाशी."

"दोन घास तरी घ्या."

"वेशीवर सांगितलं मला, त्या घरची बाई माणूस धरून नेते नि जेवायला बसवते. मला वाटलं, थट्टा करतात."

शिष्येचे डोळे भरून आले. "माझा नेम आहे हो, मावशी."

"नेम तुझा, मग पोट माझं कशाला?"

गुरुजी ओसरीवरून हे ऐकत होते. ते काठी टेकत खाली आले आणि त्या बाईसमोर मातीतच बसले. सूर्यास्ताआधी उपवास सोडताना त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "बाई, भूक लागलीय. तुझ्यातली चतकोर देतेस?"

बाईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "शिळी आहे, बाबा. ठेचाही जहाल आहे."

"असू दे."

तिने अर्धी भाकरी मोडून दिली. पहिल्याच घासाला गुरुजींच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तशी ती खदखदून हसली. "अगं, बघत काय राहिलीस? म्हाताऱ्याला पाणी आण. नि ते तुझं पानही आण, तिघं मिळून खाऊ."

तिघं जेवली. बाईचं नाव दुर्गव्वा. पुढच्या गावी लेक बाळंत झाली होती, नातीला पाहायला ती निघाली होती.

ती गेल्यावर शिष्या खाल मानेने म्हणाली, "गुरुजी, माझ्या नेमापायी तुम्ही उपवास मोडलात."

"तुझ्या नेमापायी नाही. ती एकटी जेवत होती." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "आधी एकोणचाळीस जण जेवून गेले. एकाचं तरी नाव सांग."

शिष्येने एकालाही नाव विचारलं नव्हतं.

"देणाऱ्याचा हात सदा वरच राहिला, पोरी, की घेणारा परकाच राहतो. आपल्या प्रभूने लोकांना जेवू घातलं, तसा तो लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या पंक्तीलाही बसला. त्यांचं अन्न त्याने गोड मानलं. दुर्गव्वाला आज आधी देता आलं, म्हणून तुझं घेताना तिला जड गेलं नाही."

शिष्येने उष्टं पान उचललं. "म्हणजे मी अजून जाण्याजोगी नाही."

"ईस्टरची उपासना झाली, की परवा सकाळी नीघ," गुरुजी म्हणाले. "मात्र बरोबर शिदोरी घेऊ नकोस."