धुरपदाचं लुगडं

पोरांनो ऐका, आणि पोरांच्या आयांनो, तुम्ही तर कान उघडे ठेवून ऐका. फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खडकवळणला तेव्हा पूल नव्हता. वैशाखात नदी आटायची. गुडघाभर पाणी बघून माणसाला वाटायचं, हिला काय भ्यायचं. पण वडाखालचा डोह कधी आटला नाही. वरून गुमान, आत तीन पुरुष खोल.

त्याच दिवसांत बाया वर्षाच्या वाकळा-गोधड्या धुवायला नदीवर जायच्या. हात वाकळेत, तोंड गप्पांत आणि पोरं पाण्यात. दोन-चार वर्षांनी एखादं पोर जायचंच. तेही एकटं नाही. मागं आई उडी टाकायची, आईमागं मावशी. पोहायला एकीलाही येत नव्हतं.

धुरपदा दहा वर्षांची असताना तिच्या डोळ्यांदेखत भाऊ बुडाला. त्याच्यामागं आई गेली, आईमागं चुलती. एका घरातून तीन तिरड्या निघाल्या.

असं म्हणतात, त्यानंतर धुरपदानं नदीवर कधी वाकळ धुतली नाही. लग्न होऊन गावातच राहिली, तरी धुण्याच्या दिवशी ती काठावर बसायची. मांडीवर जुनं लुगडं, नजर पोरांच्या डोक्यांवर.

"धुरपदे, हात मोडले का गं तुझे?" बाया टोचायच्या.

"मोडले नाहीत. रिकामे ठेवलेत."

एका वर्षी तिच्या धाकट्या जावेचा, कोंडाबाईचा म्हादू शेवाळावरून घसरला आणि डोहात गेला. कोंडाबाई धावली. धुरपदानं तिचा अंबाडा धरून तिला वाळूत आपटलं.

"सोड सटवे, माझं पोर हाय ते."

"तुझंच हाय. तू बी गेलीस, तर काढून देऊ कुणाला?" मग दोघी बायांना म्हणाली, "बसा हिच्यावर."

लुगड्याच्या टोकाला तिनं गाठ मारली, जड व्हावी म्हणून पाण्यात बुडवली, काठावर पालथी पडली आणि टोक भिरकावलं. लुगडं नऊ वार, पोर पंधरा वारांवर. असं म्हणतात, त्या वेळी लुगडं वाढलं. जुन्या बाया सांगतात, पाण्याखालून तिच्या आईनं गाठ पुढं सरकवली आणि म्हादूच्या मुठीत दिली. धुरपदानं ओढलं. पोर बाहेर आलं, ओकलं, रडलं.

गाव मात्र कोंडाबाईलाच बोललं. आई असून उडी नाही टाकली म्हणे. बोलणाऱ्यांचं काय जातं. कोंडाबाई वर्षभर मान खाली घालून वावरली, धुरपदाशी एक शब्द बोलली नाही. पुढल्या वैशाखात तिनं धुरपदाच्या घरून तिच्या वाकळा उचलल्या, नदीवर आणल्या आणि स्वतःच्या आधी त्या धुतल्या. मग मान वर करून बायांकडे बघितलं.

असं म्हणतात, तेव्हापासून त्या डोहानं पोर घेतलेलं नाही. आजही खडकवळणला वाकळा धुवायच्या दिवशी एक बाई धुरपदा म्हणून बसते. लुगड्याचं एक टोक वडाला, दुसरं तिच्या हातात. तिच्या वाकळा बाकीच्या जणी आधी धुतात. मागल्या साली सरपंचाची सून बसली होती. माहेरची मैत्रीण भेटायला आली, तर तिच्याकडे न बघताच म्हणाली, "आज नको गं बोलू माझ्याशी. दिवस मावळल्यावर घरी ये."