पडद्यावरचा जांभळा डाग

एका बंदराच्या गावात विनया तांडेल नावाची बाई घरच्या घरी टायपिंगची कामं करायची. गावात कॉम्प्युटर नवा आला तेव्हाची ही गोष्ट. तेव्हा मॉनिटर पोटुशा बाईसारखे फुगीर असत. लोक त्यांना झालर लावलेला अभ्रा घालत आणि चपला बाहेर काढूनच खोलीत जात.

विनया टायपिंग शिकली होती मोघे मास्तरांकडे. मास्तरांच्या क्लासात बारा टाइपरायटर होते आणि सकाळपासून तिथं नुसता खडखडाट चालायचा. मग कॉम्प्युटर आला आणि क्लासाला कुलूप लागलं. मास्तरांनी कुणाला बोल लावला नाही. उलट रोज दुपारी ते विनयाकडे येऊन बसायचे. काम थांबलं की हळूच एखादी ओळ टाइप करून बघायचे. त्यांची बोटं जुन्या सवयीनं जोरात पडत. पडद्यावर अक्षर उमटलं की ते त्याला बोट लावून हसत. विनयालाही त्या आवाजानं क्लासातली सकाळ आठवायची.

श्रावणात एके दिवशी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात जांभळा डाग दिसू लागला. विनया घाबरली. बँकेच्या कर्जातून घेतलेलं यंत्र, आणि शाळेचा अहवाल दोन दिवसांत द्यायचा होता. तिनं मागची वायर काढून पुन्हा घट्ट बसवली. पडदा पुसला. स्टॅबिलायझर बदलून पाहिला. बटणं फिरवून रंग कमी केले. डाग काही हलेना.

नेमके तेव्हाच मास्तर आले. फॉर्म टाइप करून घ्यायला आलेल्या दोन बायका बाकावर बसल्या होत्या. मास्तरांनी नेहमीसारखा कळांकडे हात नेला, आणि विनयाच्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, हा टाइपरायटर नाही. तुमच्या ठोकण्यानंच बिघडलाय हा."

मास्तरांनी हात मागे घेतला. चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. मास्तरांनी विनयाचा कॉम्प्युटर मोडला, हे मात्र बाजारभर झालं.

विनयानं तसाच डाग सोसत अहवाल पुरा केला. मॉनिटर जिल्ह्याच्या गावी दुरुस्तीला न्यायचं ठरलं. अहवाल फ्लॉपीवर उतरत होता, तोवर ती टेबल मोकळं करू लागली. टेपरेकॉर्डरचा मोठा स्पीकर मॉनिटरला चिकटून उभा होता. काम करताना गाणी ऐकावीत म्हणून तिनंच तो मागच्या आठवड्यात तिथं आणून ठेवला होता. तिनं तो उचलला, आणि जांभळा डाग त्याच्यामागोमाग सरकला.

तिनं स्पीकर पुन्हा जवळ नेला. डाग गडद झाला. लांब नेला. डाग फिका झाला. स्पीकरमधलं लोहचुंबक पडद्याचे रंग ओढत होतं. तिनं स्पीकर खिडकीत ठेवला आणि मॉनिटर बंद करून पुन्हा सुरू केला. पडदा लख्ख झाला.

 विनयाचा नवरा हरेश्वर बर्फाच्या कारखान्यातून घरी आला, तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मेकॅनिक येऊन नीट करून गेला असं सांग, झालं. मास्तरही खूश आणि तुझीही शोभा नाही. विनयाला ते क्षणभर पटलं. मास्तरांना खरं काय ते कधी कळलंच नसतं.

पण ती उठली. त्या दोन बायकांची घरं वाटेतच होती. आधी त्यांच्या दारात थांबून तिनं खरं काय झालं ते सांगितलं. मग ती मास्तरांकडे गेली. मास्तर बंद क्लासात टाइपरायटर पुसत बसले होते.

"मास्तर, स्पीकर मी ठेवला होता," ती म्हणाली. "बोल मात्र तुम्हाला लावला."

मास्तरांनी फडकं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "टायपिंगमध्ये चूक झाली, तर मी तुला काय करायला सांगायचो?"

"नवा कागद घ्यायला."

"मग घे."

दुसऱ्या दुपारी मास्तर आले. खुर्चीवर बसले, पडद्याकडे पाहून हसलेसुद्धा. पण हात त्यांनी मांडीवरच ठेवले. विनयानं कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवला, तरी ते नको म्हणाले. यंत्र एका घटकेत दुरुस्त झालं होतं. मास्तरांची बोटं कळांवर पुन्हा पडायला मात्र दिवाळी उजाडली.

तात्पर्य: काही बिघडलं तर आधी आपण काय केलं ते तपासावं, मग दुसऱ्याला बोलावं, आणि चुकून बोललोच, तर ज्यांच्यासमोर बोललो त्यांच्यासमोरच चूक कबूल करावी.