ब्याण्णव नंबर

"बायपास झाला तर त्याला नवा नंबर द्यावा. आमचा का न्यायचा, बाबा?"

जालिंदरशेटचा आवाज रडवेला झाला होता. रस्त्यापलीकडे त्याचं 'हॉटेल ब्याण्णव' होतं. महामार्गाचा नंबर ब्याण्णव, म्हणून हॉटेल ब्याण्णव. वेटरांच्या शर्टांवर ब्याण्णव, आणि नातवाच्या बारशाच्या पत्रिकेवरही ब्याण्णव! आकड्यानं इतका फुगलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मठीच्या ओट्यावर रेवणबाबा शेंगा फोडत होते.

"महामार्गाचे साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, गाडी ज्या वाटेनं न थांबता जाते, नंबर त्या वाटेचा. जुना रस्ता आता नगरपालिकेचा."

"मग?"

"मी म्हटलं, फाट्याला मूळ नंबराच्या आधी एकाचा आकडा लावता ना? मग बायपासला एकशेब्याण्णव द्या, ब्याण्णव आमच्याकडं राहू द्या. तर हसले, बाबा! नंबर गेला, गिऱ्हाईक गेलं. हॉटेल बुडालं की हो माझं."

"तुझ्या दारातला गतिरोधक कुणी घातला?"

"मीच खटपट करून घालून घेतला. गाड्या थांबायला नकोत?"

"त्याच्या पुढचा?"

"टायरवाल्यानं. माझं बघून."

"त्याच्या पुढचा?"

"रसवंतीवाल्यानं... मग सगळ्यांनीच. ट्रक पार वेशीपर्यंत तुंबायचे."

"मग?"

"मग..."

जालिंदरशेटची नजर गतिरोधकांच्या रांगेवरून वेशीपर्यंत गेली.

"मग बायपास झाला," तो हळूच म्हणाला.

बाबा उठले. धोतराला हात पुसले, त्याचं मनगट धरलं आणि रस्त्यावर उतरले. ऐन मधोमध येऊन उभे राहिले.

"अहो बाबा, सरका!" जालिंदरशेटनं सवयीनं त्यांना ओढलं. मग डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. एक शेळी तेवढी रमतगमत येत होती. तिच्यामागून कोपऱ्यावरच्या दोन म्हाताऱ्या, गप्पा मारत.

बाबा हॉटेलात शिरले आणि पहिल्याच खुर्चीवर बसले.

जालिंदरशेट बघतच राहिला. "इतकी वर्षं समोर राहता बाबा, पण माझ्याकडं कधी आला नाहीत!"

"ब्याण्णव मधे होता ना. चहा टाक."