लंगडीचं रिंगण

चिंचघोळच्या माळावर एक रिंगण आहे. भोवती गुडघाभर गवत आणि मधे परातीसारखी गोल, उघडी जमीन. नवी सून आली की गावातल्या बायका तिला तिथे नेतात. मला हातावरची मेंदी उतरायच्या आतच नेलं. वाटेत आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, ही गोष्ट सांगितली. चढावर त्या दमतात, पण गोष्ट थांबत नाही.

फार पूर्वी, असं सांगतात, घाटाखालून साळू नावाची एक लहानगी सून इथे आली. आली ती बोलेचना. जेव म्हटलं की जेवायची, दळ म्हटलं की दळायची. तोंडातून शब्द नाही. मुकी पोर गळ्यात मारली, असं घरात ठरलं. पोळा झाला की तिला माहेरी सोडून यायचं, असं सासऱ्यांनी सांगून टाकलं. सोडलेल्या मुलीला त्या काळी दोन्ही घरांची दारं बंद. सासू भागीरथीबाई यावर काहीच बोलल्या नाहीत. (मग मुकं नक्की कोण, असं मला वाटलं. विचारलं नाही.)

निघायच्या आदल्या दिवशी साळू गुरांमागून माळावर गेली. तिथे मुली लंगडी खेळत होत्या. ही कडेला उभी राहिली. लंगडी घालणारी मुलगी एका पायावरच थांबून म्हणाली, "येतेस? तू कच्चं लिंबू." म्हणजे खेळायचं सगळ्यांसारखं, पण बाद झाली तरी बाद धरायचं नाही.

तिला शोधत आलेल्या भागीरथीबाईंना लांबूनच एक अनोळखी आवाज ऐकू आला. "हिनं पाय टेकला. मी बघितलं. आता ही बाद."

सुनेचं पहिलं वाक्य, तेही भांडणाचं.

भागीरथीबाईंनी जवळ जाऊन विचारलं, "तिकडे कुणाबरोबर खेळायचीस गं?"

"तानी. रेवू. चंपी." आणि पोर रडायला लागली ती थांबेना.

भागीरथीबाईंनी पदर खोचला. "बरं. आज मी तानी," म्हणाल्या आणि त्यांनी एक पाय उचलला. त्याही कधीतरी अशाच आल्या होत्या म्हणे. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, सून कुठेही जाणार नाही. वर्षभर ती कच्चं लिंबू, तिच्या चुका धरायच्या नाहीत. तेव्हापासून त्या रिंगणात गवत उगवलेलं नाही.

"कच्च्या भिडूला सांभाळून घेणं पोरी खेळताखेळताच शिकतात," आत्याबाई म्हणाल्या. "मोठेपणी शिकवायला गेलं की त्याला उपदेश म्हणतात."

साळू इथेच म्हातारी झाली. खरी तानी तिला पुन्हा कधी भेटली नाही, असं सांगतात.

आजही नवी सून माळावर आपल्या मैत्रिणींची नावं सांगते आणि बायका एकेक नाव घेऊन खेळतात. खाली गाव लागेपर्यंत कुणी स्वतःच्या नावाला ओ द्यायची नाही. मीही नावं सांगितली. आत्याबाईंनी दुखरा गुडघा चोळत निलू मागून घेतली.

उतरताना मी जरा मागे राहिले आणि "निले" अशी हाक मारली. काम काही नव्हतं.

"काय गं?" आत्याबाई न वळता म्हणाल्या.

थोडं चालून मी पुन्हा हाक मारली.