सोन्यासारखं झळकणारं पातेलं

दुधना नदीच्या काठी धामणवेल नावाचं लहानसं गाव. तिथल्या जुन्या धर्मशाळेत श्रीचिमणनाथ महाराजांनी एक चातुर्मास काढला. त्या मुक्कामातली ही हकीकत मी माझ्या चुलत्यांच्या तोंडून ऐकली आहे. सांगताना काही राहून गेलं तर ती उणीव माझ्या आठवणीची. महाराजांच्या कृपेत उणीव नव्हती.

गावात हैबती नावाचा कल्हईवाला होता. भात्यापुढे बसून अंगाला कायम काजळी आणि नवसागराचा वास. दर एकादशीला तो महाराजांच्या तांब्याला आतून कथलाची कल्हई करून देई आणि मजुरी म्हणून फक्त पायांची धूळ घेई.

त्या वर्षी त्याच्या बायकोला, येसूला, कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, अन्नाचा वास सोसेना. लोक म्हणाले, दंडाला डाग द्या. पण हैबतीने तिला त्र्यंबकशास्त्री वैद्यांच्या ओसरीवर आणलं. खरं सांगायचं तर शास्त्रीबुवा मोठे जाणकार. डोळे, जीभ, नाडी पाहून त्यांनी नेमकं निदान केलं, डाग देणाऱ्यांना हाकललं. भाताची पेज, उसाचा रस आणि विश्रांती यांवर दहा-बारा दिवसांत येसूचे डोळे निवळले. मग पचन सुधारावं म्हणून त्यांनी तिला ताकावर ठेवलं. ओसरीवरच्या आणखी दोन पोटदुखीच्या रोग्यांनाही तेच.

आणि तिथून उलटंच झालं! पोटात पीळ, मळमळ, हिरवट ओकाऱ्या. शास्त्रीबुवा म्हणाले, "पित्त उसळलंय. ताक दुप्पट करा."

ताकाचं पातेलं मोठं, पितळेचं. शास्त्रीबुवा रोज स्वतः चिंच आणि राख लावून ते घासत. आतून-बाहेरून असं झळके, की येणाऱ्याजाणाऱ्याला ते कौतुकाने दाखवत.

हैबती बायकोला भेटायला आला. पातेल्यात डोकावला. मग भीत भीत म्हणाला, "बुवा, रागवू नका. भांडं आतून चांदीवानी पांढरं पायजे. हे पिवळं झालंय, कल्हई समदी घासून गेली. आंबट त्यात ठेवलं की कळकतं, इख होतं."

शास्त्रीबुवा मोठ्याने हसले. "ऐकलंत? सोन्यासारखं भांडं, आणि याला त्यात विष दिसतं! अरे, भाता मारणाऱ्याने वैद्याला नाडी शिकवायची का? धंदा बसला म्हणून माझ्या दारी गिऱ्हाईक शोधतोस?"

ओसरीवरचे लोकही हसले. येसू मात्र पोट धरून कण्हत होती. संध्याकाळी तिचे हातपाय गार पडू लागले, तेव्हा हैबती धर्मशाळेकडे धावला.

"म्हाराज, माझी येसू चालली!"

महाराज जपाला बसले होते. ते तसेच उठले, आणि वाटेत हैबतीने त्यांना पातेल्याची सारी हकीकत सांगितली.

वैद्यांच्या ओसरीवर येऊन महाराज म्हणाले, "शास्त्रीबुवा, आमचंही पोट बिघडलंय. तुमचं ताक द्या."

"अवश्य! वाटीभर देतो."

"वाटी कशाला?" असं म्हणत महाराजांनी पातेलंच उचलून तोंडाला लावलं!

पहिल्या घोटाला येसूचं कण्हणं थांबलं. महाराज पीत होते आणि तिकडे तिच्या हातापायांत ऊब येत होती. शेजारच्या रोग्याने पोटावरचा हात काढला. अर्ध्यावर महाराजांच्या कपाळावर घामाचे थेंब आले, डोळे लाल झाले. पण पातेलं रिकामं होईपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

"आई गं, सुटले!" येसू उठून बसली. "अहो, पेज मिळंल का जराशी?"

हैबती ओक्साबोक्शी रडू लागला.

महाराजांनी पातेलं शास्त्रीबुवांपुढे कलतं धरलं आणि आपली जीभ बाहेर काढून दाखवली. जीभ हिरवीगार झाली होती. पातेल्याच्या बुडाशीही तसाच हिरवा ओघळ.

महाराज म्हणाले, "बुवा, तुमचं निदान चुकलं नव्हतं, औषधही चुकलं नव्हतं. तुम्ही रोग्याच्या डोळ्यांत पाहिलंत, जिभेवर पाहिलंत. फक्त भांड्यात पाहायचं राहिलं. ज्याला ते पाहता येतं, त्याला तुम्ही हसलात."

शास्त्रीबुवांचा चेहरा उतरला. ते महाराजांच्या पायांकडे वाकले, तर महाराज मागे सरले. "आम्ही नुसतं ताक प्यायलो. ओळखलं त्याने."

शास्त्रीबुवा हैबतीपुढे वाकले. तो बिचारा लाजून दोन पावलं मागे गेला. "आसं करू नका बुवा. तुमच्यामुळंच तिची कावीळ उतरली की!"

दुसऱ्या दिवशी वैद्यांच्या अंगणात भट्टी पेटली. हैबती तापल्या पातेल्यात कथील फिरवत होता, आत पांढरीशुभ्र झिलई चढत होती. येसू ओसरीवर बसून मऊ भात खात होती. आणि धोतर खोचून, घामाघूम होऊन भाता मारत होते ते त्र्यंबकशास्त्री.

"बुवा, जरा दमानं," हैबती म्हणाला.

"तू सांगशील तसं, बाबा," शास्त्रीबुवा म्हणाले, आणि त्यांनी मान खाली घालून भात्याचा वेग कमी केला.